ध्यानात येणारी पेंग आणि थायरॉइडची गोळी



आपल्या केंद्रांवर आरोग्याविषयी जे प्रश्न येतात, त्यांत थायरॉइडचा प्रश्न वारंवार येतो. विचारणाऱ्या बहुतेक भगिनी असतात. प्रश्न साधारण एकाच धाटणीचे असतात. गोळी आयुष्यभर घ्यावी लागेल का? आहार आणि प्राणायामाने ती सुटेल का? कोबी बंद करायचा का? आणि हळू आवाजात विचारला जाणारा आणखी एक प्रश्न असतो : माझी साधना कुठे कमी पडली म्हणून हे झाले का?

या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते, कारण तो माझाही प्रश्न होता.

माझे माहेर साताऱ्याचे, पण संसार लखनौचा. पाच वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात पहाटेच्या ध्यानात मला पेंग येऊ लागली. आसनावर बसले की पाच मिनिटांत मान खाली जायची. आधी वाटले, थंडी आहे, धुके आहे, सगळ्यांनाच होत असेल. मग जपाची संख्या चुकू लागली. सत्संगात भजन सांगताना आवाज घोगरा येऊ लागला. वजन सहा किलो वाढले, केस हातात येऊ लागले, आणि इतरजणी एका शालीत बसलेल्या असताना मी दोन शाली आणि मोजे घालूनही कुडकुडत असे. केंद्रावरच्या एका ज्येष्ठ भगिनीने प्रेमानेच सांगितले, "तमोगुण वाढला आहे. आहार कमी करा, जप वाढवा." मी दोन्ही केले. पेंग आणखी वाढली. मग मी स्वतःला दोष देऊ लागले.

शेवटी यजमानांनी रक्ततपासणी करायला लावली. टीएसएच ३८ आला, टी-४ कमी आला आणि थायरॉइडविरोधी प्रतिपिंडे बरीच वाढलेली निघाली. डॉक्टर म्हणाल्या, "हा हाशिमोटो थायरॉइडायटिस आहे. तुमच्या शरीरात इंधन आहे, पण शेगडीची आच मंद झाली आहे." ज्याला आम्ही तमोगुण समजत होतो, तो गळ्यातल्या एका लहानशा ग्रंथीचा आजार होता.

हा आजार म्हणजे नेमके काय?

थायरॉइड ही गळ्याच्या पुढच्या भागात, श्वासनलिकेला बिलगून असलेली फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी आहे. ती आयोडीन वापरून टी-४ आणि टी-३ ही संप्रेरके बनवते. हृदयाची गती, शरीराची उष्णता, पचन, पाळी, त्वचा, केस, मनाची तरतरी या सगळ्यांचा वेग ही संप्रेरके ठरवतात.

या ग्रंथीला काम करायला सांगते ती मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी. ती टीएसएच नावाचा निरोप पाठवते. मूल हाकेला ओ देत नसेल तर आईचा आवाज चढत जातो, तसेच इथे होते. थायरॉइड सुस्तावली की टीएसएच वाढत जातो. म्हणून अहवालात टीएसएच जास्त दिसला तर थायरॉइडचे काम कमी झाले आहे, असा उलटा अर्थ घ्यायचा असतो. अनेकांचा इथेच गोंधळ होतो.

आता 'स्वयंप्रतिरक्षा' हा शब्द. आपली प्रतिकारशक्ती बाहेरच्या जंतूंशी लढण्यासाठी असते. काही वेळा ती ओळख विसरते आणि आपल्याच पेशींना परके समजते. या आजारात ती थायरॉइडच्या पेशींवर हल्ला करते. जपानमधील फुकुओका येथील तरुण शल्यचिकित्सक हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ साली चार स्त्रियांच्या काढलेल्या थायरॉइड ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या आणि त्यांत पांढऱ्या पेशींची दाट गर्दी पाहिली. त्यांच्याच नावाने हा आजार ओळखला जातो. पण ही गर्दी का होते, हे कळायला १९५६ साल उजाडले. त्या वर्षी लंडनमधील संशोधकांनी अशा रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडे दाखवून दिली.

हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांत कितीतरी अधिक आढळतो आणि घराण्यातून चालत येतो. मुंबई आणि गोव्यासह देशातील आठ शहरांत झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ५,३७६ प्रौढांची तपासणी केली गेली. त्यांत सुमारे ११ टक्के लोकांमध्ये थायरॉइडची कमतरता आढळली आणि साधारण पाचांतील एकाच्या रक्तात ही प्रतिपिंडे होती. म्हणजे आपल्या सत्संगात शंभर माणसे बसली असतील, तर त्यांत असे दहाएक जण असणे अगदी शक्य आहे. हा शाप नव्हे, पूर्वकर्माचा शिक्काही नव्हे.

तराईचा घेंघा आणि मिठाची गोष्ट

लखनौमध्ये राहणाऱ्याला थायरॉइडविषयी एक गोष्ट माहीत असायला हवी. इथून उत्तरेला व पूर्वेला गेले की गोंडा, बहराइच, बस्ती, गोरखपूर असा हिमालयाच्या पायथ्याचा तराईचा प्रदेश लागतो. पुराच्या पाण्याने इथल्या मातीतील आयोडीन धुऊन जाते. पिकात आयोडीन नाही, म्हणून माणसात नाही. गळ्याला गाठ आलेली माणसे इथे गावोगाव दिसत. त्याला इथले लोक घेंघा म्हणतात, आपण गलगंड म्हणतो. गाठ दिसते, पण त्याहून मोठी हानी दिसत नाही : आईच्या पोटात आयोडीन कमी पडले तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. या तराई भागातील नवजात बाळांच्या थायरॉइडवर १९८० च्या दशकात जे महत्त्वाचे संशोधन झाले, त्यात डॉ. मदन गोडबोले यांचा सहभाग होता. पुढे लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेत त्यांनी या विषयावर दीर्घकाळ काम केले.

हिमाचलमधील कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांनी आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग करून गलगंड कमी होतो हे दाखवले. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे सर्व खाण्याच्या मिठात आयोडीन घालण्याचे धोरण आले. आज आपल्या घरी पोहोचताना मिठात दशलक्ष भागांत किमान १५ भाग आयोडीन असावे, असे प्रमाण आहे.

ही गोष्ट सांगण्याचे कारण असे की, थायरॉइड म्हटले की लोक लगेच 'आयोडीन कमी असेल' म्हणतात. तराईतल्या घेंघ्याचे ते कारण होते. हाशिमोटोचे ते कारण नाही. इथे कच्चा माल कमी पडलेला नसतो, कारखान्यातच दगडफेक चाललेली असते. अशा वेळी आयोडीनच्या गोळ्या किंवा समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल घेतल्या तर ग्रंथीची सूज आणखी वाढू शकते. प्रौढाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते, गर्भवतीला २५०. साधे आयोडीनयुक्त मीठ आणि दूध-दही यांतून सर्वसाधारणपणे गरज भागते. म्हणून नियम सोपा आहे : आयोडीनयुक्त मीठ सोडायचे नाही, आणि वरून आयोडीनचे औषध घ्यायचे नाही.

आपल्याकडे उपवासाला सैंधव वापरतात. एकादशीला वापरले तर काही बिघडत नाही. पण 'नैसर्गिक' म्हणून वर्षभर फक्त सैंधव वापरणाऱ्या घरात आयोडीन कमी पडू शकते, विशेषतः घरात गर्भवती किंवा लहान मुले असतील तर. मीठ झाकणाच्या डब्यात ठेवावे, चुलीजवळ उघडे ठेवू नये आणि भाजी होत आल्यावर घालावे, म्हणजे आयोडीन उडून जात नाही. एकूण मीठ मात्र दिवसाला पाच ग्रॅमच्या, म्हणजे एका लहान चमच्याच्या आत असावे.

पहिले पथ्य : गोळी

आहार-विहाराकडे वळण्याआधी गोळीबद्दल स्पष्ट बोलू या. लेव्होथायरॉक्सिन ही गोळी म्हणजे शरीरात कमी पडलेले तेच टी-४ बाहेरून देणे होय. मधमाशीच्या पोळ्यातला मध संपला म्हणून बाहेरून मध आणला, तर तो मधच असतो, तसे हे आहे. ती व्यसन लावत नाही. आजार मुळातून बरा करत नाही हे खरे, पण जे उणे आहे ते भरून काढते. पूर्ण भरपाईची मात्रा साधारण वजनाच्या दर किलोला १.६ मायक्रोग्रॅम धरतात. ज्यांची ग्रंथी अजून थोडेफार काम करते त्यांना कमी लागते. वृद्धांना आणि हृदयविकार असणाऱ्यांना अगदी लहान मात्रेने सुरुवात करतात. ते काम डॉक्टरांचे. आपले काम ती नीट घेण्याचे. त्याचे नियम असे :

१. गोळी उपाशीपोटी, फक्त साध्या पाण्यासोबत. त्यानंतर किमान अर्धा तास, जमल्यास एक तास काही खाऊ-पिऊ नये. चहा, कॉफी, दूध, लिंबू-मध पाणी, काढा हे सगळे त्या तासानंतर.

२. लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्या आणि आम्लपित्ताची पातळ औषधे थायरॉइडच्या गोळीपासून चार तास दूर. पन्नाशीच्या भगिनी सकाळी दोन्ही गोळ्या एकत्र घेतात आणि मग टीएसएच का उतरत नाही याचे आश्चर्य करतात.

३. सकाळ जमत नसेल तर रात्रीच्या जेवणानंतर तीन-चार तासांनी, झोपताना घेता येते. पण वेळ एकच धरावी.

४. मात्रा बदलली की सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासावा. त्याआधी तपासून उपयोग नाही, कारण हे संप्रेरक रक्तात हळूहळू स्थिरावते. प्रतिपिंडांची तपासणी एकदा झाली की पुन्हा पुन्हा करण्याची गरज नसते.

५. गोळ्या दमट आणि गरम जागी ठेवू नयेत. लखनौच्या मे-जूनमध्ये पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. खिडकीतल्या किंवा स्वयंपाकघरातल्या फळीवरची बाटली उचलून घरातल्या थंड, कोरड्या कपाटात ठेवावी.

आपणा साधकांना यात एक सोय आहे. आपण पहाटे उठतोच. मी पाण्याचा तांब्या आणि गोळी आसनाशेजारी ठेवते. उठले, तोंड धुतले, गोळी घेतली, आसनावर बसले. ध्यान संपेपर्यंत तास होऊन जातो. गोळी विसरत नाही आणि ध्यानही चुकत नाही. उपवासाच्या दिवशीही गोळी चुकवायची नाही. निर्जळी असेल तर घोटभर पाण्यासोबत घ्यावी. औषधाच्या घोटाने व्रत मोडते असे मला वाटत नाही.

माझी चूक

हे सगळे आज मी सांगते, पण मला ते चुकून शिकावे लागले. गोळी सुरू झाल्यावर चार महिन्यांत टीएसएच तीनवर आला. पेंग गेली, थंडी सोसू लागली. मला वाटले, साधनेने बरे झाले. चैत्रातल्या अनुष्ठानात संकल्प केला की आता औषध नाही, फक्त सात्त्विक आहार, प्राणायाम आणि जप. पहिले दोन आठवडे काहीच जाणवले नाही. शरीरातला साठा हळूहळू संपतो, म्हणून. मी तीन-चार जणींना आनंदाने सांगितलेही की गोळी सुटली.

अकराव्या आठवड्यात चेहरा सुजला, जिना चढताना धाप लागू लागली, आणि एका संध्याकाळी आरती चालू असताना मी भिंतीला टेकून झोपले. टीएसएच ५७ होता. डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "चष्मा लावून स्पष्ट दिसू लागले, म्हणून चष्मा काढून ठेवता का?"

मला सर्वात जास्त बोचले ते वेगळेच. मी ज्यांना सांगितले होते, त्यांतल्या एका भगिनीने माझे पाहून स्वतःची गोळी बंद केली होती. मी तिच्या घरी जाऊन तिची क्षमा मागितली आणि तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. आपण एकमेकांवर विश्वास ठेवतो हे आपल्या परिवाराचे बळ आहे. म्हणूनच आपण सत्संगात आरोग्याविषयी काय बोलतो याची जबाबदारी मोठी आहे.

आहार : काय खरे, काय अफवा

श्रीमद्भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात सोळाव्या आणि सतराव्या श्लोकांत भगवंत सांगतात की फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. आहार, विहार, कर्म, झोप आणि जागरण यांत युक्तता असेल तरच योग दुःख दूर करतो. थायरॉइडच्या पथ्याचे सार मला याहून चांगले कुठे सापडलेले नाही.

*कोबी, फ्लॉवर, मुळा, सलगम.* लखनौचा हिवाळा म्हणजे याच भाज्यांचा. बाजारात गाड्याच्या गाड्या येतात. यांच्यात आयोडीनच्या वापरात थोडा अडथळा आणणारे घटक असतात, हे खरे. पण आयोडीन पुरेसे असेल आणि भाजी शिजवून खाल्ली, तर रोजच्या वाटीभर भाजीने काही होत नाही. कच्च्या कोबीचा किंवा कच्च्या पालेभाज्यांचा पेलाभर रस रोज पिणे मात्र टाळावे.

*बाजरी.* बाजरीतही असे घटक आहेत. जिथे तीन त्रिकाळ फक्त बाजरी खातात आणि आयोडीनही कमी आहे, अशा प्रदेशांत त्याचा संबंध गलगंडाशी दिसला आहे. आपण संक्रांतीच्या दिवसांत तीळ लावलेली भाकरी खातो, ज्वारी आणि गहूही खातो. त्या भाकरीला घाबरू नये.

*सोयाबीन.* सोयाचे पदार्थ गोळीचे शोषण कमी करतात. खायचे असतील तर गोळीपासून काही तास दूर, आणि प्रमाण रोज एकसारखे ठेवावे.

*गहू.* 'थायरॉइड असेल तर गहू सोडा' असे हल्ली सर्रास सांगतात. सत्य असे की गव्हातील ग्लुटेन न सोसणारा सिलिअक आजार हाशिमोटोच्या रुग्णांत इतरांपेक्षा थोडा अधिक आढळतो. वारंवार जुलाब, पोट फुगणे, न सुधारणारा रक्तक्षय किंवा गोळीची मात्रा वाढवूनही न उतरणारा टीएसएच असेल, तर त्याची रक्ततपासणी करून घ्यावी. ही तपासणी गहू खात असतानाच करावी लागते. आधी पोळी सोडली तर तपासणी फसवी येते. तो आजार नसेल तर गहू सोडल्याने ग्रंथी सुधारते असा भक्कम पुरावा नाही.

*प्रथिने आणि चोथा.* आम्ही शाकाहारी घरांत पोळी-भात भरपूर आणि डाळ पातळ असे करतो. प्रत्येक जेवणात एक वाटी घट्ट डाळ किंवा उसळ, शिवाय दही-ताक असावे. बद्धकोष्ठता हे या आजाराचे नेहमीचे लक्षण. त्यासाठी भाज्या, फळे, सालीसकट कडधान्ये आणि पुरेसे पाणी. इथे सत्तू मिळते. पाण्यात किंवा ताकात कालवलेले सत्तू उन्हाळ्यात उत्तम न्याहारी आहे.

*गोड आणि तळलेले.* वजन वाढण्याचा सगळा दोष थायरॉइडवर टाकता येत नाही. आजारामुळे थोडे किलो वाढतात, त्यातही काही पाणी असते. बाकीचे सकाळची खस्ता कचोरी, चौकातली मक्खन मलाई आणि प्रसादाचे तीन-तीन लाडू यांचे असते. प्रसाद कणभर घेतला तरी प्रसादच असतो.

पूरक औषधे : मोजून, तपासून

*ड जीवनसत्त्व आणि बी-१२.* आपल्याकडे दोन्हींची कमतरता फार आढळते. शाकाहारी माणसाला बी-१२ जवळजवळ फक्त दूध-दह्यातूनच मिळते. शिवाय हाशिमोटोसोबत पोटातील बी-१२ चे शोषण बिघडवणारा आणखी एक स्वयंप्रतिरक्षा आजार असू शकतो. टीएसएच नीट आहे, तरी थकवा आणि हातापायांना मुंग्या येत असतील, तर हे तपासावे. कमी असेल तर डॉक्टर सांगतील तितके घ्यावे.

*लोह.* थायरॉइडचे संप्रेरक बनवणाऱ्या विकराला लोह लागते. पाळी जास्त जाणाऱ्या भगिनींनी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपासावे.

*सेलेनियम.* याविषयी खूप बोलले जाते. काही प्रयोगांत सेलेनियमने प्रतिपिंडे कमी झाली, पण रुग्णाला बरे वाटणे किंवा गोळी कमी होणे हे सातत्याने दिसलेले नाही. आणि सेलेनियमची लक्ष्मणरेषा जवळच आहे. गरज दिवसाला सुमारे ५५ मायक्रोग्रॅमची, तर ४०० च्या वर धोका. पंजाबमध्ये होशियारपूर-नवांशहरच्या काही गावांत जमिनीतच सेलेनियम जास्त आहे. तिथे लोकांचे केस गळतात, नखे ठिसूळ होतात. केस गळतात म्हणून सेलेनियम घ्यावे आणि सेलेनियमनेच केस गळावेत, असे होऊ नये.

*बायोटिन.* केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांत हे असते. त्याने आजार बिघडत नाही, पण रक्ततपासणीचे आकडे खोटे येऊ शकतात. तपासणीआधी दोन-तीन दिवस बंद ठेवावे आणि प्रयोगशाळेत तसे सांगावे.

*गुग्गुळ आणि अश्वगंधा.* लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने गुग्गुळावर मोठे काम केले आणि त्यातून रक्तातील चरबीसाठी गुगुलिपिड हे औषध विकसित केले. गुग्गुळाने थायरॉइडला चालना मिळते असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. अश्वगंधेवर सौम्य थायरॉइड कमतरतेच्या रुग्णांत एक लहानसा प्रयोग झाला, त्यात आठ आठवड्यांत टीएसएच उतरला. पण पन्नास रुग्णांच्या प्रयोगावर आयुष्यभराचे औषध सोडता येत नाही. अश्वगंधेने काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या आणि थायरॉइड प्रमाणाबाहेर वाढल्याच्या नोंदी आहेत. घ्यायचे असेल तर जाणत्या वैद्यांच्या देखरेखीखाली, डॉक्टरांना सांगून. दोघांपासून एकमेकांचे औषध लपवू नये. आणि एक गोष्ट : थायरॉइडच्या कमतरतेमुळे वाढलेले कोलेस्टेरॉल पुष्कळदा गोळीनेच खाली येते.

विहार : झोप, चालणे, आसन, ध्यान

रोज अर्धा तास, आठवड्यात निदान पाच दिवस भरभर चालावे. सुरुवातीला स्नायू दुखतात, मात्रा बसली की दुखणे कमी होते. सात तासांची झोप हवी. पहाटे चारला उठायचे तर रात्री नऊला दिवा मालवला पाहिजे. जागरणाचे सत्संग आणि पहाटेचे ध्यान दोन्ही ओढले तर शरीर कर्ज काढते.

सर्वांगासन, मत्स्यासन, उज्जायी यांनी थायरॉइड बरा होतो असे सांगितले जाते. मान दुखत असेल, रक्तदाब किंवा काचबिंदू असेल, गळ्याला मोठी गाठ असेल तर सर्वांगासन करू नये. इतरांनी शिक्षकांसमोर शिकून करावे. या अभ्यासाने लवचिकता येते, श्वास शांत होतो, मन हलके होते. हे लाभ खरे आहेत. नष्ट झालेल्या पेशी परत येत नाहीत, हेही खरे आहे.

मग ध्यानाचा उपयोग काय? फार मोठा. या आजारात मन खिन्न होते, चिडचिड होते, स्वतःविषयी नावड वाटते. ध्यानाने मला माझ्या शरीराकडे वैऱ्यासारखे पाहणे सोडता आले. माझीच प्रतिकारशक्ती मला ओळखत नाही, याचा राग येत असे. आता रोज गळ्यावर हात ठेवून म्हणते, "तू थकलीस, मी मदत आणली आहे." ही माझी छोटी प्रार्थना आहे. तिने आकडे बदलत नाहीत, मी बदलते.

विशेष काळजी केव्हा?

गर्भधारणेचा विचार असेल तर आधीच टीएसएच तपासून मात्रा जुळवून घ्यावी. दिवस गेल्याचे कळताच त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटावे, कारण मात्रा बहुधा पाव पटीने किंवा थोडी अधिक वाढवावी लागते. पहिल्या तीन महिन्यांत बाळ आईच्याच संप्रेरकावर अवलंबून असते. तराईची गोष्ट इथे पुन्हा आठवावी. बाळंतपणानंतर खिन्नता आणि थकवा आला तर तो फक्त 'बाळंतिणीचा शीण' समजू नये. आई, बहीण, मुलगी यांनीही लक्षणे असतील तर एकदा तपासून घ्यावे.

छातीत धडधड, हात कापणे, झोप उडणे असे झाले तर मात्रा जास्त होत असेल. वजन उतरवण्यासाठी स्वतःच्या मनाने मात्रा वाढवणे हृदयाला आणि हाडांना घातक आहे. आणि कडाक्याच्या थंडीत घरातील वृद्ध रुग्ण गार पडला, असंबद्ध बोलू लागला, उठवूनही जागा होईना, श्वास मंद झाला, तर वाट न पाहता रुग्णालयात न्यावे.

साधकांचे काही प्रश्न

*गोळी कधीच सुटणार नाही का?* बहुतेकांची नाही. टीएसएच थोडाच वाढलेला असेल, किंवा बाळंतपणानंतरचा असेल, तर काहींची सुटते. पण तो निर्णय तपासणी पाहून डॉक्टरांनी घ्यायचा.

*टीएसएच सहा आहे, त्रास नाही, गोळी घ्यावी का?* टी-४ योग्य असेल तर अनेकदा काही आठवड्यांनी पुन्हा तपासून पाहतात. गर्भधारणा हवी असेल तर निर्णय वेगळा होतो.

*गुरूंवर श्रद्धा असताना गोळी घेणे म्हणजे अविश्वास नव्हे का?* शेतकरी पावसासाठी प्रार्थना करतो आणि विहिरीवर मोटारही बसवतो. दोन्ही हात त्याचेच असतात.

या आठवड्याचा अभ्यास

१. गोळीची एक वेळ ठरवा आणि ती साधनेच्या वेळेशी जोडा.
२. घरातील मिठाच्या पुडीवर 'आयोडीनयुक्त' लिहिले आहे का ते पाहा. डब्याला घट्ट झाकण लावा.
३. आपण घेत असलेली सर्व औषधे, चूर्णे आणि पूरके एका कागदावर लिहा. पुढच्या भेटीत तो कागद डॉक्टरांना दाखवा.
४. मागच्या तीन तपासण्यांचे आकडे तारखेसह एका वहीत उतरवा.
५. सत्संगात कोणी सतत पेंगत असेल, थंडीने आक्रसत असेल, तर तिला तमोगुणाविषयी सांगण्याआधी जवळ बसून विचारा, "ताई, तब्येत कशी आहे? रक्त तपासलेत का?"

यातला पाचवा अभ्यास मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. त्या हिवाळ्यात तो प्रश्न मला कोणी विचारला असता, तर कितीतरी महिने वाचले असते. शरीर हे साधनेचे पहिले साधन आहे. त्याची देखभाल ही सेवाच आहे. पहाटे तांब्याजवळ ठेवलेली ती लहानशी पांढरी गोळी मी आता निराशेने घेत नाही. हात जोडते, घेते, आणि डोळे मिटून बसते. आता पेंग येत नाही.

सर्वांना उत्तम आरोग्य आणि अखंड साधना लाभो, ही प्रार्थना.